सहा किलो खापरं आणि वाळवंटाचा वास

अत्तर-परफ्यूमचं वेड मला कॉलेजपासून आहे. गेली दोन-तीन वर्षं एकच गोष्ट शोधत होते, वाळवंटासारखा वास येणारं काहीतरी. नावात डेझर्ट असलेले जेवढे परफ्यूम हाताला लागले तेवढे हुंगून झाले, आणि जवळपास सगळीकडे तेच, ऊद, अंबर, व्हॅनिला, म्हणजे गोड आणि जड. अपवाद एकच, झुरिकच्या अँडी टाउअरचा २००५ सालचा 'लेअर द्यू देझेर मारोकें'. त्यात धणे, जिरं, देवदार, लॅब्डॅनमचा डिंक असं सगळं आहे आणि तो खरंच कोरडा आणि सुंदर आहे, पण तो मोरोक्को. आपलं थरचं वाळवंट कुठाय?

हे सगळं मी आत्याला सांगत होते तर ती म्हणाली, "अगं पण तू मूळ वास घेतलायस का कधी? नुसत्या नकला तपासत बसलीयेस." आत्याचं नाक म्हणजे आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट आहे, आमटी लागायच्या आधी तिला कळतं. मग काय, जूनच्या शेवटच्या आठवड्यातली तिकिटं काढली, आधी वाळवंट आणि मग अत्तरांचं गाव कन्नौज. सगळ्यांनी वेड्यात काढलं, जूनमध्ये कोण जैसलमेरला जातं म्हणून. पण वासासाठी जायचं तर मला तरी हाच सीझन बरोबर वाटतो, का ते पुढे येईलच.

दिवस पहिला, जोधपूर

आदल्या रात्री उशिरा पोचलो होतो, तरी पहाटे उठून मेहरानगडाच्या पायथ्याला राव जोधा डेझर्ट रॉक पार्कला गेलो. जोधपूरला जाणारे नव्वद टक्के लोक किल्ला बघून परत फिरतात आणि शेजारचं हे रत्न राहून जातं याचं मला फार वाईट वाटतं. साधारण ७० हेक्टरचा हा खडकाळ भाग पूर्वी सगळा विलायती बाभळीने भरलेला होता. २००६ पासून प्रदीप क्रिशन आणि त्यांच्या टीमने ती काढायला सुरुवात केली, तीही खडकात छिन्नी-हातोड्याने खोल जाऊन, कारण मूळ राहिलं की परत फुटते. त्या जागी थरमधलीच झाडं लावली आणि २०११ मध्ये पार्क लोकांसाठी उघडलं.

गाइड म्हणून एक तरुण मुलगा होता, त्याला म्हटलं आम्हाला झाडं बघायची नाहीयेत, हुंगायची आहेत. तो दोन सेकंद थांबला आणि मग इतका खुलला की विचारू नका. पिलूचं पान चुरगाळून दिलं तर थेट मोहरी, नाकात झणका. गवती चहाच्या कुळातलं एक सुकं गवत तळहातावर चोळलं तर लिंबू आणि जुनी लाकडी पेटी असा काहीतरी मिळून वास. पण सगळ्यात थांबवलं ते गुगुळाने. आपण धूपात घालतो तो गुगुळ या एवढ्याशा काटेरी, कागदासारखी साल सुटणाऱ्या झुडपातून येतो हे मला माहितीच नव्हतं. एका फांदीवर आधीच सुकलेला डिंकाचा थेंब होता, त्याला नुसतं बोट लावून हुंगलं. कडवट, उबदार, थोडासा औषधी. जास्त डिंक मिळावा म्हणून लोक झाडाला खोल चिरा देतात आणि त्यात झाडं मरतात, म्हणून गुगुळ आता अतिधोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे. आत्याने ते ऐकल्यावर घरचा गुगुळ आता जपून वापरायचा असं तिथेच जाहीर केलं.

जाणार असाल तर उन्हाळ्यात सकाळी उघडल्या उघडल्या जा, नऊनंतर खडक तापतो आणि चालवत नाही. आणि अंगाला काही लावून जाऊ नका, डिओसुद्धा नको. हे पूर्ण ट्रिपला लागू.

दिवस दुसरा, पोकरण

जैसलमेरच्या रस्त्यावर पोकरणला थांबलो ते खरं तर चहासाठी. पण इथली मातीची भांडी प्रसिद्ध आहेत, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा आहे त्यांना, म्हणून कुंभारांच्या वस्तीत शिरलो. एका अंगणात पांढरी मिशी असलेले आजोबा भट्टीतून मडकी काढत होते आणि फुटकी एका बाजूला फेकत होते. मी सहज विचारलं की या मातीला वास असतो का, तर त्यांनी काही न बोलता एक ताजी भाजलेली खापरी उचलली, तांब्यातलं पाणी हातात घेऊन तिच्यावर शिंपडलं आणि माझ्या नाकाखाली धरली.

पाणी आत ओढून घेताना खापरी बारीक आवाज करते, सूं असा, कान जवळ नेला तरच ऐकू येतो. केशरी रंग चॉकलेटी होतो, आणि त्याच क्षणी वास वर येतो. जेमतेम सात-आठ सेकंद. मग परत नुसती ओली माती. मी आणि आत्याने मिळून दहा-बारा खापऱ्या भिजवल्या असतील, आजोबा बघत बसले होते आणि सूनबाई ताक आणून देत होत्या.

तिथेच डोक्यात आलं. कन्नौजला मिट्टी अत्तर करतात ते भाजलेल्या मातीचंच करतात, मग ही पोकरणची माती तिकडे नेली तर? आजोबांना सांगितलं तर ते खूप हसले, पैसे घ्यायला साफ नकार, स्वतः निवडून जाड-जाड खापरं पोत्यात भरून दिली आणि एवढंच म्हणाले, "बाईसा, निकले तो हमको भी सुंघाना." वजन केलं तर सहा किलो भरलं! आत्याने एक शब्द न बोलता आपल्या दोन सुती साड्या काढल्या आणि त्यात खापरं गुंडाळली, म्हणाली बाहेरचे वास लागायला नकोत.

दिवस तिसरा, जैसलमेर आणि खुरी

किल्ला, हवेल्या याबद्दल सगळ्यांनी लिहिलंय म्हणून सोडते. फक्त एक इशारा. किल्ल्याजवळच्या एका दुकानात 'खास रेगिस्तान का इत्र' म्हणून बाटली दाखवली, हातावर लावलं तर मस्त थंडगार गुलाब-चंदन, पाच मिनिटांनी नुसता प्लॅस्टिकचा वास आणि चिकट तेल. टुरिस्ट भागात हे सर्रास चालतं. साधी परीक्षा म्हणजे हातावर लावून निदान अर्धा तास फिरून या, मगच पाकीट काढा. चांगलं अत्तर अर्ध्या तासाने जास्त बोलतं, खोटं गप्प होतं.

दुपार उतरल्यावर खुरीला गेलो. सम गावच्या वाळूच्या टेकड्या जास्त प्रसिद्ध आहेत पण तिथे जीप आणि डीजे, त्यातून डिझेलचा वास. खुरी जैसलमेरपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, मातीची घरं, आणि जूनमध्ये तर आम्ही दोघीच पाहुण्या होतो. ज्यांच्या घरी उतरलो त्या भाईसांनी अंगणात खाटा टाकून दिल्या. जेवायला बाजरीचा सोगरा, केर-सांगरी, वर भरपूर तूप आणि लसणाची चटणी. सोगरा खेजडीच्या लाकडावर भाजलेला. त्या धुराचा वास माझ्या ओढणीला तीन दिवस होता आणि मी ती मुद्दाम धुतली नाही.

दिवस चौथा, खुरी

पहाटे साडेपाचला वाळूच्या टेकडीवर जाऊन मी अक्षरशः पालथी झोपले आणि नाक वाळूत खुपसलं. काही नाही! अजिबात काही नाही. ओंजळीत घेऊन हुंगलं, खाली हातभर खणून हुंगलं, गार लागली पण वास शून्य. मला रडू यायचं बाकी होतं, एवढ्या लांब आले आणि वाळवंटाला वासच नाही?

आत्या मात्र शांतपणे टेकडीच्या पायथ्याशी सेवण गवताच्या थोंबाजवळ बसली होती. म्हणाली, "इकडे ये. तू जिथे काहीच नाही तिथे शोधतेयस." सुकलेल्या गवताचा, शेळ्यांच्या लेंड्यांचा, रुईच्या पानांचा, रात्रीच्या राखेचा, असे बारीक बारीक वास तिथे होते आणि मधेमधे तो मोठा रिकामेपणा. मला वाटतं परफ्यूमवाले तो रिकामेपणाच विसरतात, बाटली गच्च भरून टाकतात.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला भाईसांच्या शेळ्यांनी एकदम चरायचं थांबवून नैर्ऋत्येकडे तोंडं केली. भाईसा म्हणाले पाणी पडलंय कुठेतरी, लांब, आपल्यापर्यंत येईलच असं नाही. मला काही कळेना, आकाश स्वच्छ होतं. मग दहा मिनिटांत क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहिली. आंधी! खाटा, गाद्या, कपडे, सगळं घेऊन घरात पळालो, दार लावलं तरी फटीतून धूळ येतच होती. तिचा वास मी कधी विसरणार नाही, खडूच्या डस्टरसारखा, कोरडा, दातांत करकरणारा. आणि त्याच्या मागोमाग छपरावर टप टप सुरू झालं. मी दार उघडून बाहेर. जेमतेम दहा मिनिटं पडला असेल, जमीन धड भिजलीसुद्धा नाही, प्रत्येक थेंबाचा वेगळा खड्डा मोजता येत होता, पण वास! अंगणातून, भिंतींच्या शेणमातीतून, खींपाच्या झुडपाने शाकारलेल्या छपरातून, सगळीकडून एकदम. भाईसांची म्हातारी आई डोक्यावरचा पदर मागे टाकून पावसात नुसती उभी होती, डोळे मिटून. कोणी कोणाशी बोललं नाही.

माझ्याकडे त्या मोरोक्कोवाल्या परफ्यूमची छोटी कुपी होती, ती उघडून मनगटावर लावली आणि शेजारी धरून ताडून पाहिलं. धुळीचा कोरडेपणा त्यात नेमका आहे, मानलं. पण दुसरा भाग, हा थेंबांनंतरचा, तो त्यात नाही.

दिवस पाचवा आणि सहावा, टाकं आणि ट्रेन

निघायच्या आधी भाईसांनी शेतातलं टाकं दाखवलं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची गोल टाकी. लोखंडी झाकण उचललं आणि आतून जी हवा वर आली ती चुना, गार दगड आणि जुनं पाणी अशी. आत्या वाकून तिथे किती वेळ राहिली, मग म्हणाली हा वास मला बाटलीत हवाय. जैसलमेरला वर्षाचा पाऊस साधारण २०० मिलिमीटरच, आपल्याकडे कोकणात एखाद्या दिवसात तेवढा पडतो. तिथे झाकणाला कुलूप असतं यात नवल नाही.

मग जोधपूर आणि तिथून कानपूरची गाडी, पाच तास उशिरा. खापरांची पिशवी बर्थखाली, आणि टीसींनी विचारलं यात काय, तर आत्या म्हणाली "मिट्टी", ते पुढे गेले.

रात्री आत्याने विचारलं की वाळूला वास नाही आणि खापराला कसा काय. मला जेवढं माहिती होतं ते सांगितलं. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला पेट्रिकोर हे नाव दिलं. कोरड्या दिवसांत झाडांमधून हवेत जाणारी तेलं माती आणि सच्छिद्र दगड शोषून घेतात आणि पाणी लागलं की सोडतात. शिवाय मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, ते आपल्या नाकाला अतिशय कमी प्रमाणातही कळतं. टेकडीवरची सुटी वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीचे गुळगुळीत कण, त्यांच्यात साठवून ठेवायला जागाच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हायस्पीड कॅमेऱ्याने दाखवलं की थेंब सच्छिद्र जमिनीवर पडला की त्याच्याखाली बारीक बुडबुडे अडकतात आणि फुटून वास हवेत उडवतात, आणि हे धो धो पावसापेक्षा हलक्या-मध्यम पावसात जास्त होतं. म्हणजे खुरीची ती दहा मिनिटं अगदी बरोबर होती.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की त्या १९६४ च्या पेपरमध्ये या शास्त्रज्ञांनी आपल्या उत्तर प्रदेशातल्या मिट्टी अत्तराचा उल्लेख केलाय. त्यांनी नाव द्यायच्या आधीपासून आपले लोक तो वास बाटलीत भरत होते.

दिवस सातवा, कन्नौज

कानपूरहून कन्नौज साधारण ८० किलोमीटर. गावात शिरल्यावर वास येईल अशी माझी कल्पना होती तर आधी आला तो गटाराचा आणि तळलेल्या कचोरीचा, पण बडा बाजारच्या गल्ल्यांत वळलो आणि मग एकेका दारातून केवडा, खस, मोगरा.

ओळखीतून एका जुन्या कारखान्याचा पत्ता मिळाला होता. तांब्याचे मोठे डेग विटांच्या चुलीवर, खाली लाकूड आणि गोवऱ्या. डेगात भाजलेली माती आणि पाणी भरतात, सरपोस म्हणजे झाकण ठेवून कडा कापूस आणि चिकणमातीने बंद करतात. तिथून सुतळी गुंडाळलेला बांबूचा चोंगा म्हणजे नळी निघते आणि पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात जाते. भपक्यात चंदनाचं तेल असतं, वाफ तिथे थंड होते आणि वास तेलात उतरतो. कुठे मीटर नाही, थर्मामीटर नाही. कारागीर चाचा भपक्यावर हात ठेवून सांगतात आता आग कमी करा.

खापरांची पिशवी उघडली तेव्हा मालक आणि चाचा एकमेकांकडे बघायला लागले. इथे गंगेच्या खोऱ्यातल्या मातीचं काम, बाहेरून माती घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं. चाचांनी एक खापरी घेतली आणि जिभेला लावली, हो, जिभेला! म्हणाले, खारी है, पर सांस लेती है. सॅम्पलसाठीचा छोटा डेग होता, त्यात करून देतो म्हणाले. पण स्पष्ट सांगितलं की एका खेपेत काही होत नाही, रोज नवी माती घालून पुन्हा पुन्हा काढावं लागतं, सहा किलोमध्ये फार अपेक्षा धरू नका. तीन किलो आज, तीन उद्या असं ठरलं. ५० ग्रॅम चंदनतेलाचे पैसे मला भरायचे होते आणि ते थोडे नव्हते, चंदनतेल किलोला लाखाच्या वर जातं. म्हणूनच स्वस्त 'मिट्टी अत्तर' बहुतेक वेळा लिक्विड पॅराफिनवर केलेलं असतं. विकत घेताना बेस काय आहे हे सरळ विचारा, खरा माणूस विचारल्याचं वाईट वाटून घेत नाही. मिट्टीचं काम मुख्यतः पावसाच्या आधी चालतं, आम्ही अगदी शेवटाला पोचलो होतो, तुम्ही मेमध्ये जा आणि आधी फोन करून जा.

दिवस आठवा, कन्नौज

दुसरी खेप दुपारी उतरली. भपका गार झाल्यावर खालच्या छिद्रातून पाणी काढून टाकलं आणि वर तरंगणारं तेल राहिलं. एरवी ते कुप्पीत भरतात, म्हणजे उंटाच्या चामड्याची बाटली, तिच्यातून उरलेला ओलावा हळूहळू बाहेर जातो. वाळवंटातला उंट इथेही भेटला म्हणून आत्या त्या कुप्पीवरून हात फिरवत राहिली. आमचं तेल थोडं म्हणून काचेतच दिलं, तळाशी पाण्याचा थेंब दिसला तर काढून टाका असं बजावून.

चाचांनी दोन फाये केले, एक त्यांच्या मिट्टीचा, एक आमच्या पोकरणचा. त्यांचा लावला आणि मी घरी पोचले, आजोळच्या अंगणात, पहिल्या पावसात. भरदार, गोडसर, तळ्याकाठच्या गाळासारखा. अप्रतिम आहे, मी १० एमएल घेतलंच. पण ते वाळवंट नाही. आमच्या फायात पहिली वीस मिनिटं नुसतं चंदन. चाचा म्हणाले सांगितलं होतं ना. मी गप्प. मग आम्ही जेवायला गेलो, हात धुताना मनगट नाकाजवळ आलं आणि चंदनाच्या खालून काहीतरी बारीक, गार, किंचित खारट वर आलं. आत्याला हात पुढे केला. तिने डोळे मिटले. "टाक्याचं झाकण," ती म्हणाली. माझ्या मते ते आंधीनंतरचे थेंब आहेत. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

परत गेल्यावर चाचांना हुंगवलं तर ते म्हणाले, आठ-दहा खेपा झाल्या असत्या तर बाजारात ठेवण्यासारखं झालं असतं.

येताना लखनौहून विमान होतं. बाटल्या चेक-इन बॅगेत, बुचाला टेप आणि प्रत्येकीला वेगळी झिपची पिशवी, त्यामुळे एक थेंबही सांडला नाही. घरी आल्यावर मी प्रयोग करतेय, पोकरणवालं मनगटावर आणि ओढणीच्या टोकाला गुगुळाचा अगदी पुसट धूर, खेजडीच्या जागी. अजून धुळीचा कोरडेपणा येत नाहीये, तो नागरमोथ्याने येईल का बघायचंय.

तेलाच्या तीन-तीन एमएलच्या कुप्या भरल्यात. एक आत्याच्या देवघरात आहे, एक चाचांकडे ठेवून आले. एकीला कापूस आणि पुठ्ठा लावून डबा तयार केलाय, त्यावर पोकरण, कुंभारांची वस्ती आणि आजोबांचं नाव आत्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. उद्या पोस्टात टाकायचाय.